देव्हाऱ्यातल्या शिवराया चिंचेने घासाव्यात का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. राजापूरकडच्या जुन्या घरी देव्हाऱ्याखालच्या पितळी डब्यात पंचवीसेक तांब्याची नाणी निघाली. बऱ्याचशा शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचे तांब्याचे जुने पैसे, काही ईस्ट इंडिया कंपनीचे पैसे आणि एकावर राम-सीता. सगळी काळी, चिकट, काहींवर हिरवे डाग. विचारणाऱ्यांनी एक शिवराई चिंच-मीठ लावून घासली. ती गुलाबी झाली खरी, पण अक्षरे आधी दिसत होती त्याहून पुसट दिसायला लागली. तर बाकीच्यांना काय लावावे, ती गुलाबी झालेली पुन्हा काळी करता येईल का, आणि दोन-चार नाणी दुबईच्या भावाला पाठवायची आहेत, निदान तेवढी तरी चकचकीत करावीत का?

आधी त्या घासलेल्या नाण्याकडे बघा. बाकीची दीड-दोनशे वर्षे थांबली आहेत, आणखी महिनाभर थांबतील. हे थांबणार नाही. चिंचेतले आम्ल आणि त्याहून वाईट म्हणजे मीठ तांब्याच्या बारीक छिद्रांत जाऊन बसले आहे. नळाखाली धरून ते पुरते निघत नाही, शिवाय नळाच्या पाण्यात क्लोरीन असतेच. काचेच्या वाटीत डिस्टिल्ड वॉटर घ्या, ते नाणे त्यात एकटे ठेवा आणि आठवडाभर रोज पाणी बदला. हे पाणी औषधांच्या दुकानात किंवा बॅटरीवाल्याकडे मिळते. बॅटरीवाल्याकडे मागताना 'डिस्टिल्ड वॉटर' असेच म्हणा. नुसते 'बॅटरीचे पाणी' म्हटले तर क्वचित ॲसिडची बाटली हातात पडते. नाणे वाटीत टाकलेत की पुढचे सावकाश वाचा.

'कशाने साफ करू' हे मला महिन्यातून दोनदा तरी कोणी ना कोणी विचारतेच. मी उलट विचारतो, काढायचे काय आहे? समोरचा म्हणतो, मळ. आणि घोटाळा तिथेच असतो, कारण तांब्याच्या जुन्या नाण्यावर जे दिसते त्यातले निम्मे मळ नसतेच.

चिंच, आमसूल, लिंबू ही आपल्या घरातली ओळखीची औषधे, कारण आपण ती तांब्या-पितळेच्या भांड्यांवर पिढ्यानपिढ्या वापरत आलो. बंबाला, घंगाळाला ती चालतात. पुण्यात तांबट आळीत नवे भांडे मठारून झाले की तेही आम्लाने उजळतात. भांड्याचा पत्रा जाड असतो, त्यावर वाचायचे काही नसते, आणि भांडे कळकले तर त्यातले अन्न बिघडते म्हणून वरचा थर काढावाच लागतो. दर वेळी तांब्याचा एक पापुद्रा जातो आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही. शिवराईवर मात्र सगळा मजकूर त्या पापुद्र्यातच असतो.

हे जरा उलगडून सांगतो, कारण पुढचे सगळे यावर उभे आहे. तांबे हवेत राहिले की आधी त्यावर लालसर तपकिरी ऑक्साइडचा थर येतो. कालांतराने तो काळपट होतो. जमिनीत, मडक्यात, ओलसर भिंतीत राहिले तर वर हिरवा कार्बोनेट चढतो. या सगळ्याला मिळून आम्ही पॅटिना म्हणतो. हा थर बाहेरून येऊन बसलेला नसतो, नाण्याच्याच तांब्याचे ते झालेले रूप असते. बराच काळ ओलीत राहिलेल्या नाण्यात हे रूपांतर हळूहळू आत सरकते. मग होते असे की टांकसाळीत ठसा उमटला तेव्हाचा जो मूळ पृष्ठभाग, तो आता धातूत उरलेलाच नसतो, तो त्या लाल-काळ्या थरात असतो. खालचे उरलेले तांबे ओबडधोबड, खड्ड्याखड्ड्यांचे असते. 'श्री राजा शिव' हे शब्द थराच्या वरच्या अंगावर लिहिलेले असतात. तुम्ही आम्ल लावता, थर विरघळतो, आणि थराबरोबर अक्षरे जातात. अक्षरांवरचा मळ निघाला असे वाटते, प्रत्यक्षात अक्षरेच निघालेली असतात.

तुमच्या नाण्यांपैकी सगळ्यांची अवस्था इतकी टोकाची असेल असे नाही. जी आयुष्यभर डब्यातच होती त्यांचा थर पातळ असेल आणि अक्षरे बऱ्यापैकी धातूतच असतील. पण तिथेही दुसरे एक नुकसान होते. झिजलेल्या नाण्यावर अक्षर दिसते ते उंचीमुळे कमी आणि रंगामुळे जास्त. खोलगट भागात काळेपणा साचलेला असतो, उंचवटे हाताळून तपकिरी झालेले असतात, त्या फरकाने डोळा अक्षर ओळखतो. सगळेच गुलाबी केले की तो फरक संपतो. तुमच्या शिवराईची अक्षरे पुसट झाली ती या दोहोंपैकी कशाने, हे नाणे हातात घेतल्याशिवाय मी सांगू शकत नाही. तिरप्या उजेडात धरून बघा. अक्षराची कड बोटाच्या नखाला अजून लागत असेल तर रंगच गेला आहे, अक्षर आहे.

शिवराईच्या बाबतीत हे एवढे मनावर घ्यायचे कारण म्हणजे वेलांटी. एका बाजूला तीन ओळींत 'श्री', 'राजा', 'शिव' आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्र', 'पति', भोवती ठिपक्यांचे वर्तुळ. एवढाच मजकूर. पण ठसे हाताने कोरलेले, कोरणारे वेगवेगळे, आणि १६७४ च्या राज्याभिषेकानंतर सुरू झालेला हा पैसा नंतरच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातही त्याच नावाने पडत राहिला. त्यामुळे कुठे 'शिव' आहे, कुठे 'शीव', कुठे 'सिव'. कुठे 'पति' तर कुठे 'पती'. पुढच्या दुदांडी शिवरायांवर मधे आडव्या रेघा येतात. अभ्यासक ही नाणी लावतात ती अशाच फरकांवरून. त्यात ठशापेक्षा तांब्याची चकती लहान, म्हणून मजकूर पुरा कधी उमटतच नाही. एखाद्या नाण्यावर 'व'च्या आधीची जेमतेम अर्धी वेलांटी हाच काय तो पुरावा असतो. ती अर्धी वेलांटी चिंचेच्या कोळात गेली तर उरतो तो कुठल्याही शिवराईसारखा तांब्याचा एक ढब्बू तुकडा.

हे मी कोणाच्या अनुभवावरून सांगत नाही. कॉलेजात असताना पुण्याच्या जुन्या बाजारातून एका रविवारी मी सहा शिवराया आणल्या होत्या. एकीवर काळ्या थरात 'श्री राजा'च्या खाली स्वच्छ 'शीव' दिसत होते, दीर्घ. मित्रांना दाखवायचे म्हणून ती रात्रभर लिंबू-मिठात टाकली. सकाळी पाणी हिरवट झाले होते आणि नाणे शेंदरी. 'श्री'चा वरचा फाटा आणि 'जा'चा काना शिल्लक होता, खालची ओळ नव्हतीच. भिंगातून बघितले तर जिथे अक्षरे होती तिथे बारीक बारीक खड्डे. ती शिवराई आजही माझ्याकडे आहे, कोणी चिंच-लिंबाचे विचारायला आले की मी ती हातात देतो.

त्या गुलाबी रंगाबद्दलही एक समजून घ्या. आम्ल लाल ऑक्साइडला लागले की त्यातले काही तांबे पाण्यात जाते आणि काही तिथेच कच्च्या, सच्छिद्र तांब्याच्या रूपात मागे राहते. तो गुलाबीपणा बऱ्याच अंशी याचा. म्हणजे 'आतले खरे तांबे उघडे पडले' असेही धड नसते. हे कच्चे तांबे हवेला, घामाला, ओलीला फार लवकर लागते. जुना थर असताना नाणे शांत होते, आता ते पुन्हा पहिल्यापासून गंजायला मोकळे. सहा महिन्यांत ते ठिपक्याठिपक्यांनी काळे पडेल, सारखे नाही.

तर माझा नियम असा: बाहेरून येऊन बसलेले काढायचे, तांब्यातून झालेले ठेवायचे. माती, तेल, कुंकू, मेण, राख हे बाहेरचे. लाल, तपकिरी, काळे, टणक हिरवे हे तांब्याचे. याला अपवाद एकच, तो खाली येतो.

तुमचे हिरवे डाग कोणते, हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि सगळे त्यावर अवलंबून आहे. देव्हाऱ्यातल्या नाण्यावर तीन तऱ्हेचे हिरवे असू शकते. दहा पटीचे भिंग घ्या, खिडकीशी बसा, उजेड बाजूने येऊ द्या.

पहिले मेणचट हिरवे. निळसर झाक, अर्धवट पारदर्शक, अक्षरांच्या कोपऱ्यांत साचलेले, बांबूच्या टोकाने टोचले तर साबणासारखे रुतते. हे निरांजनाच्या तेला-तुपाचे. तेलातल्या आम्लांनी तांबे थोडे थोडे खाऊन त्याचा साबण केलेला असतो. देव्हाऱ्यातल्या नाण्यांवर बहुतेक हेच असते आणि ते निर्धास्त काढावे.

दुसरे टणक हिरवे. गुळगुळीत, कधी चकाकी असलेले, टोचून हलत नाही, नाण्याच्या अंगाशी एकजीव. हा जुना कार्बोनेट. हात लावू नका. चांगल्या हिरव्या थराच्या शिवराईसाठी जाणकार जास्त पैसे मोजतो.

तिसरे पोपटी, फिक्के, पिठासारखे. ठिपक्याठिपक्यांनी येते, टोक लावले की पूड उडते आणि खाली खड्डा दिसतो. हाच तो अपवाद. यात क्लोराइड असते, म्हणजे मीठ: घामाचे, समुद्राच्या हवेचे, किंवा पूर्वी कोणी चिंच-मिठाने घासले असेल त्याचे. तांबे आणि क्लोराइड यांचे आत एक संयुग बनलेले असते. त्याला ओल आणि हवा मिळाली की त्यातून आम्ल सुटते, ते आम्ल पुन्हा तांबे खाते, पुन्हा तेच संयुग बनते, आणि चक्र चालू राहते. इंग्रजीत याला 'ब्रॉन्झ डिसीज', म्हणजे ब्राँझचा आजार म्हणतात ते काही चुकीचे नाही. फक्त तो शेजाऱ्याला जंतूसारखा लागत नाही; एकाच ओल्या डब्यात सगळी असतात म्हणून सगळ्यांना होतो. साधारण ४० टक्क्यांच्या खाली आर्द्रता ठेवली तर हे चक्र झोपी जाते. कोकणातल्या पावसाळ्यात घरात ८० टक्क्यांच्या वर असते, हे तुम्हाला सांगायला नको.

दुसरे की तिसरे कळत नसेल तर एक साधी तपासणी आहे. पोपटी डाग बांबूच्या काडीने खरवडून घ्या, नाणे झाकणाच्या डब्यात ओल्या कापसाच्या शेजारी ठेवा, कापसाला टेकू देऊ नका. दोन-चार दिवसांनी त्याच जागी पुन्हा ताजी पोपटी पूड आली तर आजार जिवंत आहे. तपासणी झाल्यावर नाणे नीट वाळवायला विसरू नका.

आता मी प्रत्यक्षात काय करतो ते सांगतो. नाण्याला काहीही लावण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो, वजन आणि व्यास. सोनाराचा असतो तसा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा आता स्वस्तात मिळतो. सुरुवातीच्या काळातली शिवराई साधारण ११ ते १३ ग्रॅमच्या आसपास भरते, झिजलेली कमी. साफ करताना वजन का घटले याचे उत्तर तुमच्याकडे असायला हवे.

तुमच्या चिकट नाण्यांना आधी ॲसिटोन. पाणी नंतर. ॲसिटोन तेल आणि मेण सोडवते, तांब्याला काही करत नाही. रंगाच्या किंवा रसायनांच्या दुकानातून शुद्ध घ्या. नेलपॉलिश काढायच्या बाटलीत सुगंध, रंग आणि तेल घातलेले असते, ते नको. काचेच्या झाकणाच्या बरणीत, नाणी एकमेकांवर न रचता, एक दिवस बुडवून ठेवा. ॲसिटोन भपकन पेट घेते, तेव्हा स्वयंपाकघरात, देवघरात, गॅसच्या आसपास हे करायचेच नाही. खिडक्या उघड्या ठेवा. कुंकवाचा रंग पहिल्या काही तासांतच उतरायला लागतो, बरणी तांबूस होते, आणि लोक घाबरून विचारतात की तांबे विरघळले का. नाही, ते कुंकू. मग कानात घालायच्या कापसाच्या काडीने पृष्ठभागावर लोळवत लोळवत पुसा. लोळवत, घासत नाही. कापूस घाण झाला की नवी काडी, कारण त्यात अडकलेला वाळूचा एक कण तांब्यावर केसासारखी रेघ मारतो. मेणचट हिरवे ॲसिटोनला दाद देत नसेल तर मिनरल टर्पेंटाइनमध्ये दोन-तीन दिवस ठेवून पुन्हा ॲसिटोनने धुवायचे.

एवढ्याने देव्हाऱ्यातल्या दहा नाण्यांपैकी सात-आठ नाण्यांचे काम होते, निदान माझ्या हातून गेलेल्यांचे झाले आहे. ती उजळत नाहीत. काळी ती काळीच राहतात, पण वाचता येतात. बहुतेकांना इथे निराशा येते. त्यांना पैसा नवा हवा असतो.

ज्यांच्यावर माती आहे त्यांना डिस्टिल्ड वॉटर. रोज पाणी बदलायचे, आठवडा, पंधरवडा, कधी दोन महिने. घाई असलेल्याने हा छंद करू नये. दर दोन-तीन दिवसांनी नाणे बाहेर काढून भिंगाखाली धरायचे आणि ओली असतानाच माती उचलायची. त्यासाठी माझे आवडते हत्यार बाभळीचा काटा. पांढरा, वाळलेला, लांब. तांब्यापेक्षा मऊ असल्याने तो ओरखडा काढत नाही, टोक मोडले की आपसूक कळते, आणि बाभळीला काट्यांची कमी नाही. सुई, टाचणी, ब्लेड, तारेचा ब्रश टेबलावर ठेवूच नका, कारण समोर असले की हात जातोच. काटा अक्षराच्या कडेला टेकवायचा, खुपसायचा नाही, किंचित बाजूला रेटायचा. माती सुटायची असेल तर ढलप्यासारखी एकदम सुटते आणि खाली गुळगुळीत तपकिरी पृष्ठभाग दिसतो. दिसला की थांबायचे. काट्याला लाल भुकटी लागायला लागली तर तुम्ही मातीच्या पलीकडे गेलात, थरात शिरलात. परत पाण्यात टाकायचे आणि त्या दिवशी काम बंद.

शेवटी ॲसिटोनमधून एकदा काढले की छिद्रांतले पाणी त्याच्याबरोबर निघून जाते. सुती कापडावर ठेवून वाळू द्या. तव्यावर, गॅसवर, मायक्रोवेव्हमध्ये नको. हसू नका, तिन्ही करून आलेली नाणी मी पाहिली आहेत.

पोपटी पूड असलेले नाणे वेगळे काढा. ते पाण्यात घालू नका. कोरडेच भिंगाखाली धरून काट्याने पूड काढा, ॲसिटोनने धुवा, सिलिका जेलच्या, म्हणजे ओल शोषणाऱ्या मण्यांच्या, डब्यात बंद करा. संग्रहालयांतले लोक यानंतर बेंझोट्रायाझोल नावाच्या रसायनाच्या द्रावणात नाणे बुडवतात, ते तांब्यावर पातळ संरक्षक पडदा धरते. ते विषारी आहे, घरी करू नये असे माझे मत. पुस्तकांत धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा मिळून केलेल्या द्रावणात आठवडेच्या आठवडे बुडवण्याचा उपाय सापडेल. क्लोराइड त्याने निघते, पण थराचा रंगही बदलतो. मी पूर्वी करायचो, आता सोडले. नाणे खरोखर मोलाचे वाटत असेल तर मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात संवर्धनाचे केंद्र आहे, तिथल्यासारख्या तज्ज्ञांना दाखवा.

तेलाचा विषय निघाला आहे तर सांगतो. नाण्यांना ऑलिव्ह तेलात महिनोन् महिने बुडवायची पद्धत बाहेरच्या देशांत बरीच चालते आणि आपल्याकडे कोणीतरी ती खोबरेल तेलावर आणून ठेवली आहे. तेलाने माती मऊ होते हे खरे, पण ती होते तेलातल्या आम्लानेच, आणि साफ झाल्यावर 'चमक टिकावी' म्हणून लावलेले खोबरेल वर्षभरात पुन्हा तेच मेणचट हिरवे तयार करते. विजेने साफ करायची जी जुगाडी पद्धत आहे, मोबाइलचा चार्जर आणि मीठपाणी वापरून, तिच्याबद्दल एवढेच की ती सगळा थर एका तासात काढते. चिंचेला निदान रात्र लागते.

कंपनीच्या पैशांचे गणित थोडे निराळे. १८३५ चा पाव आणा यंत्रावर पाडलेला, साडेसहा ग्रॅमच्या आसपासचा, अक्षरे खोल आणि सारखी. त्यावर कधी कधी टांकसाळीतली मूळ झळाळी अक्षरांच्या आडोशाला शिल्लक असते, तांबूस, रेशमासारखी, नाणे फिरवले की उजेडाबरोबर फिरते. घासून आणलेली चमक फिरत नाही, सगळीकडून सारखीच भगभगीत दिसते. पारखणाऱ्याला हा फरक लांबून कळतो. नाण्यांची प्रत ठरवणाऱ्या परदेशी कंपन्या अशा नाण्याला प्रतीचा आकडा न देता 'साफ केलेले' असा शेरा मारतात. या पैशांना ॲसिटोनच्या पुढे काहीही करू नका.

आणि ते राम-सीतेचे. त्यावर बहुधा १८१८ साल आणि 'ईस्ट इंडिया कंपनी' असेल. कंपनीने असले नाणे कधी पाडलेले नाही, ते देवळांबाहेर, जत्रांत विकले जाणारे नाण्यासारखे बिल्ले आहेत. पूजेत ठेवायला उत्तम. लाखो रुपये मिळतात म्हणून फिरणारे व्हिडिओ बघून कोणी दारात आले तर त्यांना चहा द्या आणि वाटेला लावा. चिंचेचा प्रयोग करायचाच असेल तर त्यावर करा.

साफसफाईपेक्षा पुढे ठेवायचे कुठे हे कोकणात जास्त महत्त्वाचे. नाणी पकडायची कडेने. तांब्यावर उमटलेला बोटाचा ठसा काही आठवड्यांत काळा पडतो आणि मग जन्मभर राहतो. बाजारातले मऊ, वास येणारे प्लास्टिकचे अल्बम पीव्हीसीचे असतात. त्यातून कालांतराने चिकट पदार्थ आणि आम्ल सुटते आणि नाणे हिरवे-लिबलिबीत होते. पुठ्ठ्याच्या चौकटीत मायलरची, म्हणजे पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक प्लास्टिकची, खिडकी असलेली पाकिटे घ्या. ती सगळी घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलणारे मणी घेतले तर ओल कधी भरली ते दिसते, मग मणी ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा वापरता येतात. रबरबँड नको, त्यातल्या गंधकाने तांबे काळे पडते. पावसाळ्यात डबा उघडायचाच असेल तर कोरड्या दिवशी, थोडा वेळ.

आता एक गोष्ट जी तुम्ही विचारली नाहीत, पण घरात निघेल. ही नाणी देव्हाऱ्यातली आहेत. आजी किंवा आई म्हणाली की ती परत कलशाखाली जाणार, दिवाळीला उजळणार, तर मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. ती नाणी संग्रहात होती म्हणून टिकली नाहीत, पूजेत होती म्हणून तांबटाच्या भट्टीत गेली नाहीत. वाचता येणाऱ्या, चांगल्या अक्षराच्या शिवराया निवडून डब्यात ठेवा, झिजून सपाट झालेल्या दोन-तीन पूजेला द्या. त्यांना घासायचेच असेल तर फक्त मीठ टाळा आणि नंतर भरपूर पाण्याने धुऊन कोरड्या करा.

दुबईचे मात्र जमणार नाही. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही, चकचकीत असो की काळे. भावाला फोटो पाठवा, गणपतीला आला की इथेच हातात घेऊन बघू द्या. घरातला वारसा म्हणून नाणी ठेवायला अडचण नाही. शेतात, पाया खणताना सापडली असती तर गोष्ट वेगळी, तिथे १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

राहता राहिली ती वाटीतली गुलाबी शिवराई. ती काळी करून देणारी रसायने मिळतात, गंधकाची. लावली की तासाभरात काळा रंग येतो, पण तो वरून फासलेला दिसतो, आणि पुढे कोणाला विकलीत तर ते नाणे नीट न सांगता विकल्यासारखे होते. आठवडा झाला की वाटीतून काढा, ॲसिटोनने धुवा, वाळवा, पाकिटात घाला. कोरड्या जागी चार-पाच वर्षांत ती आपोआप तपकिरी होत जाईल, थोडी डागाळलेली. पाकिटावर पेन्सिलीने वजन लिहा, 'चिंच-मिठाने घासली' असे लिहा आणि घासल्याची तारीख टाका. घासण्याआधीचा मोबाइलवरचा एखादा फोटो असला तर तोही सोबत छापून ठेवा. त्यात 'शि'ची वेलांटी ऱ्हस्व होती की दीर्घ एवढे दिसत असेल तरी मला कळवा.